काचवाल्याची साक्ष

मोठा आवाज झाला की शहाणी माणसे उलट्या दिशेने पळतात. घाईमास्तर आवाजाच्या रोखाने पळायचा. धंदाच तसा होता. खिडक्यांना, दारांना, दुकानांच्या दर्शनी भागाला काचा बसवणारा तो काचवाला, आणि त्या शहरात काचा फुटायच्या त्या बाँबने. पोरांच्या चेंडूने फुटणाऱ्या एखाददुसऱ्या तावदानावर कोणाचे घर चालते?

घाईमास्तर हे नाव त्याला गल्लीने दिले होते. जेवायला बसला की बायको पाणी आणीपर्यंत हात धुऊन मोकळा. भांडणात समोरच्याचे वाक्य संपायच्या आत याचा हात उठलेला. एकदा स्वतःच्याच हातोडीवर चिडून त्याने ती शेजाऱ्याच्या गच्चीवर भिरकावली होती, आणि मग ती परत मागायला गेला तेव्हा शेजाऱ्याशीही भांडून आला होता. पण काच पुढ्यात आली की तोच माणूस निराळा व्हायचा. काच कापायची हिरकणी ओढताना तो श्वाससुद्धा बेताने घ्यायचा.

बाँब कोण ठेवते हे सगळ्यांना ठाऊक होते. डोंगरातले लोक बाजारात येऊन ते लपवून जायचे आणि शहरातले लष्कर त्यांना आकाशातून शोधायचे. डोंगरातल्यांना लष्कर नको होते, लष्कराला डोंगरातले नको होते, आणि मधल्या लोकांनी मधल्यामध्ये मरायचे, अशी ही वर्षानुवर्षांची वाटणी होती.

काचवाल्यांचा आपसात एक नियम होता. फुटलेल्या चौकटीवर ज्याची खडूची फुली आधी, त्याचे काम. मालक जिवंत असो, बेशुद्ध असो, नाहीतर इस्पितळात असो, फुली पडली की दुसऱ्याने तिकडे बघायचे नाही. म्हणून तर धावायचे. घाईमास्तरचा मोबाइल नंबर भिंतीभिंतींवर रंगवलेला होता, त्यामुळे धूर बसायच्या आत कोणीतरी त्याला फोन करायचेच. टेप काढायची, चौकट मोजायची, फुली मारायची आणि पुढच्या चौकटीकडे पळायचे.

त्याला टक्कर देणारा एकच होता, नऊबोट्या. तरुणपणी एका भल्यामोठ्या आरशाने त्याची करंगळी नेली, तेव्हापासूनचे हे नाव. नऊबोट्या मोबाइल वापरायचाच नाही. "मला कान दिलेत देवानं," म्हणायचा आणि आवाजाच्या मागावर पायी निघायचा. बहुतेक वेळा पोचेपर्यंत घाईमास्तरच्या फुल्या पडलेल्या असायच्या, पण हे मान्य केले तर तो नऊबोट्या कसला? दोघांत विळ्याभोपळ्याचे सख्य होते. औषधाच्या दुकानापाशी बाँब फुटला तेव्हा हे दोघे दारातच एकमेकांची गचांडी धरून उभे होते आणि आत औषधवाला स्वतःचा कान हातात घेऊन बसला होता. "मेल्यांनो, आधी मला उचला!" असे तो ओरडला तेव्हा यांनी त्याला उचलले. एकाने खांदे धरले, एकाने पाय, आणि त्याला गाडीपर्यंत नेताना त्याच्या अंगावरून दोघे भांडतच होते की फुली कोणाची. लाज वाटावी अशीच ही गोष्ट आहे. पण शहरालाच लाज राहिली नव्हती, तर दोन काचवाल्यांनी ती कुठून आणायची?

लष्कराची घुंगुरटी तेव्हाही डोक्यावर फिरत असत. उडणारी छोटी यंत्रे ती. त्यांच्या गुणगुणण्यामुळे लोकांनी त्यांना घुंगुरटी हे नाव ठेवले. त्यांच्यामागे एक मोठे यंत्र होते, कुठल्यातरी इमारतीत बसलेले. कोणाचा मोबाइल कधी कुठे होता, कोण कोणाला भेटले, हे सगळे ते जोडायचे आणि ज्याचा संशय येईल त्याच्यावर खूण करायचे. खूण झाली की घुंगुरटे खाली यायचे. पुढे बऱ्याच देशांनी मिळून दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवले आणि करार केला. यंत्राने एकट्याने मारायचे नाही, माणसाने हो म्हटल्यावरच मारायचे. आपल्यावर चुकीची खूण झाली असे कोणाला वाटले तर त्याने देशांच्या समितीपुढे जायचे. समितीपुढे जे बोलले जाईल ते त्याच दिवशी दोन्ही बाजूंना द्यायचे, लपवाछपवी नको. पूर्वी यंत्र मारायचे. आता यंत्र विचारायचे आणि खुर्चीतला कोणीतरी मान हलवायचा. मेलेल्याला फरक विचारायची सोय नव्हती. तरी खोटे कशाला बोला, करारानंतर मरणारे कमी झाले होते.

आता त्या यंत्राला शिकवलेले असे होते की बाँब ठेवणाऱ्यांचा एक माणूस स्फोटानंतर लगेच येतो, नुकसान मोजतो आणि निघून जातो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, हे आपल्याला कळते. यंत्राने पाहिले ते एवढेच की दर वेळी फांदी तुटली की हाच कावळा तिथे हजर.

शिवणयंत्रांच्या दुकानापाशी नऊबोट्याने लाथ घातली आणि घाईमास्तरचा घोटा सुजला. तो घरी पाय वर करून बसला. त्याचा धाकटा भाऊ शाळेत चित्रकला शिकवायचा. शाळा बंद, म्हणून मोकळाच होता.

"दादा, पोचवायचीच आहेत ना ती तावदानं? मी नेतो," तो म्हणाला. "तुझा मोबाइल दे, पत्त्यासाठी कोणी फोन करेल."

धाकट्याने हातगाडी ढकलत नेली. थोड्या वेळाने आवाज आला. बाँबचा आवाज पसरत जातो. हा लहान होता, कोरडा, एकाच जागी बसलेला. घाईमास्तर उठला. घोट्याचे भान राहिले नाही. टेप खिशात, खडू हातात, लंगडत तो सलूनच्या कोपऱ्यावर पोचला आणि मनात पहिला विचार आला तो हा, की नऊबोट्या अजून आलेला नाही. सलूनची मोठी काच पुरती गेली होती. त्याने चौकटीवर फुली ओढली. मग त्याला रस्त्यात पडलेले चाक दिसले, आणि चाकाला त्याने स्वतः लावलेला निळा रंग.

गाडीवर काचा होत्या, म्हणून धाकट्याचे असे झाले, एरवी झाले नसते. काचा त्याच्या अंगात सगळीकडे होत्या. एक हात खांद्यापासून निघून फुटपाथवर पडला होता. डोळे उघडे होते आणि तो जिवंत होता. बोलायला तोंड उघडले की शब्दाऐवजी गळ्यातून रक्त येई. घाईमास्तरने तळव्याने गळा दाबून धरला, आतली काच त्याच्याही तळव्यात शिरली, आणि दोघांचे रक्त एकत्र होऊन कोपरापर्यंत ओघळत राहिले. "गप, बोलू नकोस, गप रे," तो म्हणत होता आणि धाकटा मरत होता. नऊबोट्या मागून धापा टाकत आला. त्याने चौकटीवरची फुली पाहिली, खाली पाहिले, आणि धाकट्याचे पाय उचलले.

धाकट्याला स्मशानात पोचवून आल्यावर समितीचा तपासनीस घरी आला. बरोबर दुभाष्या होता, घाम पुसणारा.

"चूक झालीय," दुभाष्या म्हणाला. "तुमचा भाऊ लक्ष्य नव्हता."

"मग कोण होतं?"

दुभाष्याने तपासनीसाकडे पाहिले. "तुम्ही. मोबाइल तुमचा होता."

"आणि आता? खूण गेली?"

"नाही. ती अजून तुमच्यावर आहे."

भावजय दाराशीच उभी होती. ती पुढे आली आणि हातातले भांडे तिने घाईमास्तरच्या तोंडावर मारले. दात हलला. "तुमच्या जागी गेले ते, दादा," ती म्हणाली आणि परत मारले. त्याने हात वर केला नाही. एवढा तापट माणूस, पण त्या दिवशी त्याने मार खाल्ला.

भिंतीला कान असतात, आणि त्या चाळीच्या भिंती तर पुठ्ठ्याच्या. खुणेचा माणूस शेजारी राहतो हे कळल्यावर संध्याकाळपर्यंत जिन्यात माणसे जमली. वाईट माणसे नव्हती ती. भिंतीपलीकडे त्यांची लेकरे झोपायची. पहिला दगड खालच्या शिंप्याने मारला. मग सगळ्यांनी. काचवाल्याच्याच घरातले एकेक तावदान खळखळून आत पडले आणि त्याची मुलगी पलंगाखाली शिरून किंचाळत राहिली. बायको दाराला पाठ लावून उभी होती आणि दार बाहेरून धडकत होते. घाईमास्तर हातोडी घेऊन बाहेर गेला, शिंप्याचा जबडा मोडून आला, आणि आल्यावर स्वतः पहिल्यांदाच रडला.

"असं किती जणांना मारणार?" बायको म्हणाली. "वरच्या घुंगुरट्याला कशी मारणार हातोडी? खूण काढून घ्या. पाया पडा, काही करा."

समिती बसायची ती पोहण्याच्या तलावात. बंदिस्त इमारतीतला तलाव, पाणी केव्हाच आटलेले. जमिनीच्या खाली म्हणून सुरक्षित. निळ्या फरशांच्या तळाशी टेबले मांडली होती. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथली पायरी चढायची नव्हती, लोखंडी शिडीने उतरायची होती, एवढाच फरक. मध्ये समितीबाई बसली होती. केस पिकलेले, नाक सर्दीने लाल, आणि समोर रुमालांचा ढीग. एका बाजूला लष्कराचा अधिकारी, दुसऱ्या बाजूला डोंगरातल्यांचा वकील. बाई भली होती. तिने घाईमास्तरचे सगळे ऐकून घेतले, मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही.

"मला तुमचं पटतंय," दुभाष्यामार्फत ती म्हणाली. "पण माझं पटणं पुरत नाही. स्फोटाच्या जागी तुम्हाला काम करताना ज्यानं पाहिलंय असा माणूस हवा. नात्यातला नको. सुनावणीपर्यंत तुम्हाला कोणी हात लावणार नाही. सुनावणीत साक्षीदार आला नाही, तर खूण कायम."

आता स्फोटाच्या जागी असते कोण? पळू शकतात ते पळालेले, उरलेले इस्पितळात. औषधवाला गाव सोडून गेला होता. दर वेळी, दर ठिकाणी घाईमास्तरला टेप धरताना पाहिलेला माणूस सगळ्या शहरात एकच होता.

नऊबोट्याचे दुकान त्याच्या घराच्या पुढच्याच खोलीत. बायको आणि मुलगी दोघी हाताखाली काम करायच्या. मुलीचा हात तर बापापेक्षा साफ. घाईमास्तर पाय धरायला गेला होता.

"साक्ष? माझी? आणि तुला?" नऊबोट्या हसला. "सगळ्यांच्या आधी पोचायची हौस ना तुला? मग पोच की आता वर, सगळ्यांच्या आधी!"

पाय धरायला गेलेल्या हातांनी गळा धरला. दोघे उभ्या रचलेल्या काचांवर जाऊन पडले आणि रास कोसळली. काचांच्या चुऱ्यात लोळत त्यांनी एकमेकांना हाणले, चावले, केस उपटले. घाईमास्तरने त्याचे डोके जमिनीवर आपटले, नऊबोट्याने त्याच्या सुजलेल्या घोट्यावर गुडघा रोवला. शेवटी नऊबोट्याच्या बायकोने मोजायची लाकडी पट्टी घेतली आणि पाठ कोणाची हे न बघता दोघांनाही झोडपून काढले. मग ते भिंतीला टेकून बसले, धापा टाकत, रक्ताने माखलेले. मुलगी चिमट्याने आळीपाळीने दोघांच्या अंगातले काचेचे तुकडे काढत होती.

"तुझा भाऊ भला होता," नऊबोट्या म्हणाला. "तुझ्यासारखा नव्हता."

"नव्हता."

"येतो मी साक्षीला. तुला मारायचं तर मी मारीन. ते घुंगुरटं कोण लागून गेलं?"

सुनावणीला नऊबोट्या धुतलेला शर्ट घालून आला. घाईमास्तरची बायको आणि मुलगी तलावाच्या काठावर बसल्या होत्या, पाय आत सोडून. साक्ष छान सुरू झाली. फुली कशाची, टेप कशाला, औषधवाल्याला कसा उचलला, सगळे त्याने रंगवून सांगितले. समितीबाई एकदा हसलीही. मग लष्कराचा अधिकारी बोलला. आवाज मऊ होता.

"हा माणूस प्रत्येक ठिकाणी सगळ्यांच्या आधी कसा पोचायचा, एवढंच सांगा."

नऊबोट्याच्या कपाळाची शीर उठली. "हा? सगळ्यांच्या आधी? कोण म्हणतं?"

"आमच्याकडे तशी माहिती आहे."

"मग तुमची माहिती झक मारते! आधी मी पोचायचो. हा मागून यायचा, कुत्र्यासारखा धापा टाकत."

"ए, थापा मारू नकोस!" घाईमास्तर उसळला. "औषधाच्या दुकानी कोणाची फुली होती?"

"माझी! तू पुसलीस!"

फरशांवरून आवाज घुमला. समितीबाईने हात वर केला, दोघे गप्प झाले. अधिकाऱ्याने खुर्ची थोडी वळवली, नऊबोट्याकडे.

"म्हणजे प्रत्येक ठिकाणी तुम्ही पहिले?"

"प्रत्येक ठिकाणी," नऊबोट्या छाती काढून म्हणाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्याला ते दिसत नव्हते. आयुष्यभर ज्या मानासाठी तो धावला तो मान आज देशोदेशींच्या माणसांसमोर लिहून घेतला जात होता.

घाईमास्तरने खोटे खोडायला तोंड उघडले, आणि तेवढ्यात अधिकाऱ्याचा चेहरा पाहिला. तो तापट होता, मूर्ख नव्हता. इतका वेळ त्याच्यावर रोखलेली नजर आता दुसऱ्यावर गेली होती आणि तिथेच स्थिरावली होती. त्याला सगळे कळले. काठावरून मुलीचे पाय लोंबकळत होते. एका बुटाची नाडी सुटली होती.

"हे खरं आहे?" अधिकाऱ्याने त्याला विचारले.

रांगेत, जेवणात, भांडणात, कुठेच ज्याने कोणाला पुढे जाऊ दिले नाही तो घाईमास्तर म्हणाला, "खरं आहे. हाच पहिला असायचा."

नऊबोट्याने चमकून त्याच्याकडे पाहिले. मग त्याचा चेहरा असा खुलला की बघवेना. शिडी चढताना त्याने घाईमास्तरच्या पाठीवर थाप मारली. "उशिरा का होईना, कबूल केलंस लेका!"

खूण निघाली. समितीची पहिलीच निघालेली खूण ती. सगळ्या देशांची मोठी बैठक जवळ आली होती, आणि करार कसा चालतो याचा दाखला म्हणून तिथे घाईमास्तरचीच गोष्ट सांगायची असे ठरले. चाळीतल्यांनी माफी मागितली. शिंप्याने बांधलेल्या जबड्यानेच हात जोडले. घाईमास्तरने घराला नव्या काचा बसवल्या. नऊबोट्याला सावध करायला तो दोनदा त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला आणि परत आला. खुर्चीत माणूस बसलाय ना, असे त्याने मनाला समजावले, माणसाला कळेलच की काचवाला कोण आणि बाँबवाला कोण. मनही लबाड, लगेच समजले.

बुटांच्या दुकानापाशी बाँब फुटला तेव्हा घाईमास्तर घरीच बसला, हात मांड्यांखाली दाबून. मोबाइल वाजून वाजून थांबला. मग तो दुसरा आवाज आला, लहान, कोरडा. त्यानंतर तो धावला.

नऊबोट्या चौकटीत अडकून लोंबत होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. पाठ फाटून बरगड्या दिसत होत्या. खालच्या टोकदार काचेने पोट उघडले होते आणि आतले सगळे भिंतीवरून खाली आले होते. चौकटीवर फुलीची एकच रेघ ओढलेली होती. घाईमास्तरने त्याला काचेवरून उचलून काढला. एकट्याने काढला, कारण वर घुंगुरटे अजून फिरत होते आणि कोणी जवळ येईना. तसाच खांद्यावर टाकून तो त्याच्या घरी घेऊन गेला.

आणि त्याने सांगून टाकले. नऊबोट्याच्या बायकोला, मुलीसमोर, प्रेत अजून खांद्यावर असतानाच. "पहिला मी असायचो. ह्यानं बढाई मारली, मला कळलं होतं, आणि मी हो म्हटलं."

नऊबोट्याच्या बायकोने फळीवरची हिरकणी उचलली आणि कानापासून ओठापर्यंत त्याच्या गालावरून ओढली. गाल उघडला, आतले दात दिसले. दुसऱ्यांदा ओढणार तेव्हा मुलीने तिचा हात धरला, आणि धरता धरता वर पाहिले. दुकानावर दोन घुंगुरटी स्थिर उभी होती. खुणेच्या माणसाच्या घरात जे राहतात, त्याच्या दुकानात जे काम करतात, त्यांच्यावरही यंत्र खूण करते हे शहरात पोरासोरांना ठाऊक होते.

घाईमास्तर गाल बांधून तलावाकडे गेला. शिडीने उतरायला वेळ न घालवता त्याने वरून उडी मारली. "मी खोटं बोललो," तो समितीबाईसमोर ओरडला. "पहिला मी होतो, प्रत्येक वेळी! लिहा! माझी खूण परत घाला, तिच्या घरावरची काढा!"

दुभाष्याने सांगितले. बाई पांढरी पडली. ती बोलू लागली तेव्हा ती रडते आहे की सर्दीच आहे हे कळत नव्हते.

"उद्या सगळ्या देशांसमोर मी तुमची गोष्ट सांगणार आहे. आज म्हटलं की साक्ष खोटी होती, तर करारच जाईल. मग यापुढे कोणाचीच खूण निघणार नाही. शेकडो लोक रांगेत आहेत."

"आणि तिची पोरगी?"

"तिनं अर्ज करावा. साक्षीदार आणावा."

"मी आहे की साक्षीदार!"

"तुमची साक्ष झालीय," बाई म्हणाली.

त्याने टेबल उलटले. खुर्ची उचलून बाजूला बसलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यावर फेकली, ती लागून अधिकारी पडला. पहारेकरी धावून आले. बंदुकीच्या दस्त्याने त्यांनी त्याचे गुडघे फोडले, तो खाली पडल्यावर बुटांनी पोटात, तोंडावर. गालावर बांधलेले फडके सुटले आणि निळ्या फरशीवर रक्त पसरले.

"थांबा!" बाई किंचाळली, आणि दुभाष्यासुद्धा तिच्या मागोमाग किंचाळला. "मारू नका! त्याच्या केसालाही धक्का लागला तर करार मोडेल! जगाचं लक्ष आहे त्याच्यावर!"

पहारेकरी थांबले. अधिकारी उठला, कपडे झटकले, आणि खुर्चीचा मार खाऊनही मुकाट्याने बाजूला झाला. तळाशी पडल्या पडल्या घाईमास्तरने ते पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लंगडत नऊबोट्याच्या दुकानी आला आणि बरोबर आणलेले स्टूल उंबऱ्यात टाकून बसला. नऊबोट्याच्या बायकोने त्याला ढकलून पाडले. तो उठून परत बसला. तिने उकळते पाणी ओतले, खांद्याची कातडी सोलून निघाली, तो बसून राहिला. ती थुंकली, काचेचे तुकडे फेकून मारले, शिव्या देऊन देऊन तिचा आवाज बसला. वर घुंगुरटी गुणगुणत होती, खाली येत होती, त्याला पाहून परत वर जात होती. संध्याकाळपर्यंत तिलाही ते दिसले.

मग रोजचेच झाले. दुकान उघडायच्या आधी तो हजर, बंद झाले की पायरीवर आडवा. त्याची बायको जेवणाचा डबा घेऊन यायची, डबा आदळायची आणि दोन्ही घरांच्या नावाने बोटे मोडत निघून जायची. बाजारात बाँब फुटला की त्याचे पाय आपोआप हलायचे. तो स्टुलाची कड घट्ट धरायचा. आत मुलगी काच कापत असायची. त्या दोघींपैकी कोणी त्याच्याशी बोलत नसे. जाता येता नऊबोट्याच्या बायकोने त्याच्या जखमी गुडघ्याला धक्का मारायचा, हा नेम होता.

पुढे त्याचा भाजलेला खांदा चिघळला आणि अंगात ताप भरला. एका दुपारी डोळ्यांपुढे अंधारी आली तसा तो भिंत धरून उठला.

मागून कॉलर ओढली गेली. नऊबोट्याच्या बायकोने दोन्ही हातांनी ती धरली होती.

"कुठे निघालास?"

"ताप आलाय. घरी पडतो जरा. उद्या येतो."

तिने वर पाहिले. घुंगुरटी तिथेच होती. आतून हिरकणीचा करकर आवाज येत होता. तिने त्याला खाली दाबून स्टुलावर बसवला, इतका जोर लावून की खांद्यातला पू तिच्या बोटांना लागला.

"माझी पोरगी काम करतेय आत," ती म्हणाली. "मरायचं तर इथं बसून मर."

तो बसला. तिने पदराला बोटे पुसली आणि ती आत गेली. जाताना दार मात्र तिने उघडेच ठेवले, त्याच्यावर नजर राहावी म्हणून.